हिला हसवण्याचा कोर्स

३ फेब्रुवारी, सकाळी ९
हिच्या हृदयाची एक झडप आखडली आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन याच महिन्यात झालं पाहिजे. १२ तारीख दिली. काल संमतीचा फॉर्म पुढे केला. सही झाली नाही, पेन खराब होतं. त्यांनी दुसरं दिलं, तेही हातात बसेना. फॉर्म घरी आणला आहे.

४ फेब्रुवारी
मासिकात लेख वाचला. हसण्याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, संगीताने नाडी शांत होते. चक्क छापलंय. मग चिरफाड कशाला? एकतीस वर्षं कारखान्याच्या टेस्टिंग विभागात काढली, प्रयोग कसा करायचा हे मला कोणी शिकवू नये. आजपासून कोर्स. सकाळी पाच विनोद, संध्याकाळी अर्धा तास गाणी. आधी-नंतर बीपी आणि नाडी. नियम जुनाच: तीन रीडिंग घ्यायची, जे बाकीच्यांशी जुळत नाही ती मशीनची चूक.

५ फेब्रुवारी
पहिलाच विनोद सांगताना शेवट विसरलो. तरी ही हसली. उत्तम सुरुवात.

८ फेब्रुवारी
पाचही विनोदांना हसली. त्यातला एक कालचाच होता. गाण्यांच्या वेळी डोळे मिटून तल्लीन. मागाहून कळलं, झोप लागली होती. म्हणजे नाडी शांत झालीच की.

११ फेब्रुवारी
हॉस्पिटलला फोन केला. हिला सर्दी झाली आहे म्हटलं. सकाळी दोनदा शिंकली होती. नवी तारीख २६. हिला विचारलं, चालेल ना? गप्प बसली. नाही म्हणाली नाही, म्हणजे होच.

१५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. आईचा आवाज ओढल्यासारखा का येतोय, असं विचारत होती. आत्ताच हसून दमली आहे, असं सांगितलं. लेकीला यातलं काय कळणार? ती बँकेत आहे.

१९ फेब्रुवारी
जिना चढताना ही तीनदा थांबली. शेजारणीशी गप्पा मारायला थांबली असणार. शेजारीण गावाला गेली आहे, ते नंतर आठवलं.

२५ फेब्रुवारी
तारीख परत पुढे, ११ मार्च. डॉक्टरांसमोर आकडे ठेवायचे तर ते पक्के हवेत, घाई कामाची नाही. हिच्या पायांवर सूज. चपला घट्ट होत असणार. मोठ्या आणाव्यात.

२ मार्च, दुपारी ४
तिन्ही रीडिंग वाईट. तिन्ही मशीनच्या चुका. नवं मशीन आणलं, तेही बिघडलेलंच निघालं. हल्ली बाजारात काही धड मिळत नाही.
विनोद सांगताना माझाच आवाज का फाटला, कळलं नाही. ही हसली. मग खोकली. मग दोन उशांना टेकून बसली, ती अजून तशीच आहे. आडवी होत नाही. मला भीती वाटतेय. ही ओळ नंतर खोडायची.

४ मार्च
लेक न कळवता आली. आईकडे एकदा पाहिलं आणि गाडी बोलावली. मी वही बरोबर घेतली.

६ मार्च
डॉक्टरांनी वही नीट चाळली. म्हणाले, हसणं-गाणं हृदयाला चांगलंच असतं, पण आखडलेली झडप त्याने उघडत नाही. आता हृदयाचा स्नायूच थकला आहे, किडन्याही साथ देत नाहीत. ऑपरेशन झेपणार नाही, महिन्यापूर्वी झेपलं असतं. मी म्हणालो, सही आत्ता करतो. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.
हिच्या खाटेपाशी गेलो. म्हटलं, तू तर रोज छान हसत होतीस.
ही म्हणाली, "तुमचा चेहरा बघवत नव्हता हो. मी हसले की जरा खुलायचात. फार दम लागायचा पण."

१० मार्च
हिला घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गोळ्या चालू ठेवा, बाकी आता आनंदात ठेवा म्हणाले. आवडतं ते ऐकवा, हसवा.
हेच त्यांनी सांगावं म्हणून मी पाच आठवडे झटत होतो.
विनोदांचं पुस्तक काढलं. एक ओळ वाचली, पुढची वाचता येईना. हिने हात लांब करून पुस्तक मिटलं. म्हणाली, "आज नको. नुसते बसा."
बसलो आहे.