ताजमहालासमोर तुझा फोटो

आई, गेल्या महिन्यात अण्णांना घेऊन ताजमहाल बघून आले. सोलापुरातून ज्येष्ठ नागरिकांची सहल निघाली होती, या वयात त्यांना एकट्याला कसं सोडायचं म्हणून मी सोबत. इमारत सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण आत कबरीपाशी इतकी रेटारेटी, घामाचा इतका वास, की कधी एकदा बाहेर पडते असं झालं. बाहेर आल्यावर अण्णांनी पाकिटातून तुझा फोटो काढला. बँकेच्या फॉर्मसाठी काढलेला तो, ज्यात तू घाबरल्यासारखी दिसतेस. तो छातीशी धरून बाकावर बसले आणि मला म्हणाले, "मागचा घुमट सगळा येऊ दे गं." मी मोबाइलवर फोटो काढला. मग अण्णा डोळे पुसत सहलीतल्या बायकांना सांगायला लागले, "हिला लई हौस हुती ताजमहाल बगायची. ऱ्हाऊन गेलं." एकीनं पदर डोळ्याला लावला. "असा नवरा मिळायला लई पुण्य लागतं की!" मला किळस आली. ताजमहालाचं नाव तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. तुला जायचं होतं ते माहेरी, मैंदर्गीला, दीड तासाच्या एसटीनं.

तो मंगळवार अजून डोळ्यांपुढे आहे. मी चौदा वर्षांची आहे. अव्वा, तुझी आई, अंथरुणाला खिळली आहे आणि शेवटचं बघून जा असा निरोप आलाय. पिशवी भरून तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस. अण्णा ताटावरून मान वर न करता म्हणतात, "आन् माझ्या डब्याचं काय? रविवारी बगू." शुक्रवारी अव्वा गेली. तू पोचलीस तेव्हा तिला नेऊन झालं होतं. परत आलीस आणि त्याच संध्याकाळी परातीपुढे बसलीस. त्या माणसानं आता प्रेमाच्या गोष्टी सांगाव्यात, आणि लोकांनी त्या ऐकून रडावं! ताजमहालासमोरचा तो फोटो त्यांनी मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणारे-जाणारे वाखाणतात, मी चहा देते आणि गप्प बसते.

गप्प का बसते तेही सांगते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिता येतंय. त्या मंगळवारी अण्णांच्या समोरच तू माझ्याकडे वळून विचारलं होतंस, "दोन-तीन दिस भाकरी करशील का गं?" मी म्हणाले, "मला येत न्हाय." येत होती, आई. मैत्रिणीच्या घरी शिकले होते. तुला कळलं तर रोज थापायला बसवशील, म्हणून बोलले नव्हते.