कुंपणापलीकडे चिमी

प्रिय ताई,

काल फोनवर तू एकटीच बोलत होतीस आणि मी नुसती हं हं करत होते. फोनवर मला काही सुधरत नाही, म्हणून लिहायला बसले. चिमीला सुट्टीत शेतावरच्या मुक्कामाला नेलं होतं, हे तुला ओझरतं सांगितलं होतं. तिथे काय घडलं ते मात्र बोलले नव्हते.

चिमीला मधुमेह निघाल्यापासून मी तिला नजरेआड होऊ दिलं नव्हतं, हे तू पाहिलंच आहेस. शाळेच्या सहलीसुद्धा बंद. तिच्या बाबांनीच हे शिबिर शोधून काढलं. मुलांनी फांद्या आणि ताडपत्री बांधून आपला आडोसा उभारायचा, जाळ पेटवायचा, पाणी उकळून प्यायचं आणि रात्र आपली आपण काढायची. आईबाप त्याच शेतावर, पण कुंपणाच्या अलीकडे तंबूत. मुलांच्या गळ्यात शिट्टी. ती वाजली तर धावायचं, एरवी कुंपण ओलांडायचं नाही. मी नाही म्हणजे नाहीच म्हणत होते. शेवटी डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस बेतून दिला आणि वर मलाच दटावलं.

दिवसभर स्वारी खुशीत होती. धुराने डोळे लाल, गुडघे चिखलाने माखलेले, आणि आवाज तर काय विचारू नकोस! मला त्या धावपळीचीच धास्ती. एवढी दमली की झोपेतच तिची साखर घसरते. निजण्याआधी तिने बोट टोचून पाहिलं, आकडा मला ओरडून सांगितला आणि पळाली. तिचे बाबा आडवे होताच घोरायला लागले. मी कान शिट्टीकडे लावून पडले. गोठ्यात वासरू हंबरलं तरी मी उठून बसायचे.

शिट्टी काही वाजली नाही. ते तर मला जास्तच भिववायला लागलं. बेशुद्ध पोर शिट्टी वाजवील कशी? फटफटायच्या आत मी कुंपण ओलांडलं. आडोसा रिकामा होता, ताई. अंथरूण गार, शिट्टी फांदीला लटकलेली. मी हाका मारत सुटले. शेताच्या कडेला विहीर आहे. तिच्यात मी बॅटरी मारून पाहिलं. काळं पाणी नुसतं चकाकलं आणि मी आणखीच वाकले. तिचे बाबा अनवाणी धावत आले, त्यांनी मला काठावरून मागे ओढलं.

तेवढ्यात गोठ्यातून शेतमालकीणबाईंची हाक आली, "अहो, इकडे आहे तुमची!" धार काढायला त्या लवकर उठल्या होत्या. गवताच्या भाऱ्यावर चिमी बसलेली, हातात दुधाचा पेला, आणि मांडीवर शेजारच्या आडोशातली एक छोटी मुलगी गाढ झोपलेली. रात्री ती छोटी अंधाराला घाबरून रडत होती. शिट्टी वाजवली असती तर सगळी जागी झाली असती आणि तिला हसली असती, म्हणून चिमी तिला गोठ्यातल्या दिव्याकडे घेऊन निघाली. वाटेत चिमीचेच हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. ती बांधावर बसली, खिशातल्या साखरेच्या गोळ्या खाल्ल्या, थरथर थांबेपर्यंत बसून राहिली आणि बॅटरीच्या उजेडात पुन्हा बोट टोचून पाहिलं. मला म्हणते, "आई, मी आधी गोळ्या खाल्ल्या, मग घाबरले."

मी तिला कुशीत घेतलं की गदागदा हलवलं, मला आठवत नाही. त्यानंतर ती शाळेच्या सहलीला जाऊन आली. मी दिवसभर फोन हातात धरून बसले होते, पण ती जाऊन आली.

आता तुझ्या ढब्बूच्या तपासणीतही तेच निघालंय. काल तू म्हणालीस, उद्यापासून शाळा बंद, खेळ बंद, त्याला डोळ्यांसमोरून हलू देणार नाही. मी गप्प राहिले, कारण तुझ्या जागी असताना मी जे बोलले होते तेच शब्द तू बोलत होतीस. ताई, भीती जाईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. माझी गेलेली नाही. पण या रविवारी त्याला घेऊन ये. चिमी त्याला बोट कसं टोचायचं ते शिकवणार आहे, दुखलं तर ओरडायची परवानगीही देणार आहे म्हणे. ती दोघं बाहेरच्या खोलीत बसतील. तू माझ्याजवळ स्वयंपाकघरात बस, दार लावून घेऊ आणि तुला हवं तेवढं रड.

तुझीच,
धाकटी