चिसोमो कुठे राहणार

४ जुलै, शुक्रवार
चिसोमो रविवारी येतेय! मलावीतली आमची मुलगी. नाताळात धर्मग्रामातलं, म्हणजे आमच्या चर्चचं, प्रत्येक घर तिकडच्या एका पोराचं नाव उचलतं, मग वर्षभर त्याच्यासाठी प्रार्थना आणि शाळेची फी. तिचं नाव आमच्याकडे आलं तेव्हा पहिलीत होती. तेव्हापासून दुसरं नाव उचललंच नाही. आता इथे नर्सिंगला. हॉस्टेल दिवाळीनंतर, तोवर दापोडीत मार्थाबाईंची वरची खोली ठरलीय.
चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून फ्लेक्स मीच करायला दिला. फ्लेक्सशिवाय आपल्याकडे कुणाचं स्वागत होतं का!

६ जुलै, रविवार
मिस्सा, सकाळची उपासना, सुटली, ढोल, हार, सगळं यथासांग. चर्चच्या गेटवर भलाथोरला फ्लेक्स, 'आमची लेक चिसोमो, हार्दिक स्वागत'. फोटो घरात होता तोच दिलेला, तिच्या पहिलीतला. फाटका फ्रॉक, अनवाणी. आणि खाली उभी उंचपुरी पोरगी, कडक इस्त्रीचा शर्ट. वर बघतच राहिली. मग इंग्रजीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "त्या दिवशी माझ्या पायात चपला होत्या. फोटोवाल्यानं काढायला लावल्या. फ्रॉकही माझा नव्हता."
त्या फोटोसमोर किती रडलेय मी.
फ्लेक्स उतरवा म्हटलं तर फादर म्हणाले, राहू दे की आठवडाभर, छान दिसतोय.

७ जुलै, सोमवार
मार्थाबाई फिरल्या. भाडेकरू कुरकुरतात, नळ एकच, उद्या काही झालं म्हणजे. काल यांनीच चिसोमोला हार घातला! मी विचारलं, त्या पोरीसाठी रोज प्रार्थना करता ना? "प्रार्थना वेगळी आणि शेजार वेगळा, सुनंदा," अगदी शांतपणे म्हणाल्या आणि चहा पुढे केला.
मी तो प्यायले.

९ जुलै, बुधवार
मंडळातल्या झाडून सगळ्यांना फोन. सगळ्यांकडेच पाहुणे आलेत. एवढे पाहुणे एकदम कुठून उगवले देव जाणे. एकीनं तर, ती खाते काय गं, असं विचारलं. भात खाते, बाई.
तूर्त आमच्याकडेच, भोसरीत. माझ्या लेकीच्या, प्रियाच्या पलंगाशेजारी गादी. दोघी मोबाइलवर काय काय बघून खिदळत असतात. बरं वाटतं ऐकायला.

११ जुलै, शुक्रवार
रविवारी प्रियाला बघायला नगरची मंडळी येणार. नवरोबा चाकणहून शिफ्ट संपवून आले ते डबा हातात तसाच धरून म्हणाले,
"त्या दिवशी चिसोमोला दुसरीकडे ठेव. लोकांना काय सांगत बसायचं?"
ओव्हरटाइम करून तिची फी भरणारा हाच माणूस. वाटलं, आता प्रिया बापाला चांगलं सुनावेल. ती फरशीकडे बघत म्हणाली, "मला हे स्थळ हवंय, आई."
माझी प्रिया. जिच्या पलंगाला गादी लावून चिसोमो झोपते...


१२ जुलै, शनिवार
संध्याकाळी भाजी निवडत होते. चिसोमो बॅग भरून समोर येऊन उभी राहिली.
"उद्या मी कुठे जाऊ?"
तिला मराठी येत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात कळायला भाषा कशाला लागते.
"कुठेही नाही," म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं, माझं मलाच कळलं नाही. मग मराठीतही म्हटलं, त्या दोघांना ऐकू जाईल असं. नवरोबा उठून गॅलरीत गेले. प्रियानं आतून कडी लावली.
बॅग उघडायची की नाही, म्हणून ती पोर माझ्याकडे बघत अजून उभीच आहे. आणि मी खाली मान घालून हे लिहीत बसलेय, कारण वर बघायची छाती होत नाही.