कास्टिंग व्होट

१२ जानेवारी, रविवार

सोसायटीची सभा, सकाळी दहा, पार्किंगमध्ये. विषय एकच, लिफ्ट. हात वर करून मत घ्यायचं ठरलं होतं, पण शहाणपणा मीच केला. म्हटलं, रोज एकमेकांची तोंडं बघायचीत, चिठ्ठ्या टाका. 'हवी' किंवा 'नको', बास. माझा जुना दोस्त अण्णा ऑपरेशन झाल्यापासून पाच महिने तिसऱ्या मजल्यावरून उतरलेला नाही. त्याची चिठ्ठी मी स्वतः वर जाऊन आणली.

बारा चिठ्ठ्या. सहा हवी, सहा नको.

सेक्रेटरी निरंजनने मोबाईलवर नियम वाचून दाखवला. बरोबरी झाली तर अध्यक्षाला कास्टिंग व्होट. "काका, तुमचं एक मत अजून शिल्लक आहे." अरे, दिलं की मी मत. हवी म्हणून. "ते मेंबर म्हणून. हे चेअरमन म्हणून." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मी अध्यक्ष झालो तो दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं म्हणून. आता भोगा.

चिठ्ठ्या घरी आणल्या, ही आणखी एक चूक. अकरा बॉलपेनच्या, एक शाईच्या पेनची. बिल्डिंगमध्ये शाईचं पेन एकच माणूस वापरतो. थरथरतं अक्षर. 'नको'.

अण्णाला लिफ्ट नको? ज्याच्यासाठी हा सगळा घाट...

१३ जाने., सोम.

डिक्शनरी काढली. कास्टिंग व्होट म्हणजे निर्णायक मत. झालं. कुणाच्या बाजूनं द्यायचं, ते काही लिहीत नाहीत.

ऑफिसातल्या जुन्या साहेबांना फोन. जन्मभर सभांची इतिवृत्तं लिहिलेला माणूस. म्हणाले, "अहो, ते मत आपली आवड पुरवायला नसतं. जे आहे ते तसंच राहू द्यायचं, अशी रीत आहे. सभेचंच ठरलं नाही, तर बदल करणारे आपण कोण?" निरंजन म्हणतो, असं कुठंही लिहिलेलं नाही. "सिंपल आहे काका, टायब्रेकर." त्याचे गुडघे पस्तिशीचे आहेत, त्याला सगळंच सिंपल.

माझे दुसऱ्या मजल्यापर्यंत येता येता रडतात. मला लिफ्ट हवीच आहे, आणि म्हणूनच ही दोन दोन मतं टोचतात.

१४, संक्रांत

तळमजल्यावरच्या रत्नाताई तिळगूळ घेऊन आल्या. लिफ्ट येणार ती बरोबर त्यांच्या खिडकीपुढे, दुसरीकडे जागाच नाही. त्या खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. मूळच्या अमरावतीकडच्या. जाता जाता दारातून म्हणाल्या, "काळ्या कापडावर काळा धागा उजेडातच दिसते जी, काका. बाकी तुम्ही पाहून घ्या." गोड बोला म्हणायचं दोघंही विसरलो.

वडी हातात धरून बसलो. सुधा म्हणाली, "खा हो, लाच नाहीये ती." खाल्ली.

१६, गुरु.

अण्णाकडे गेलो. जायला नको होतं.

विषय आडून काढला. लिफ्ट झाली की संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊ, वगैरे. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "बाकावर आहे कोण आता? दोघं गेले, एक मुलाकडे गेला." मग जरा वेळाने, "डॉक्टर कधीपासून म्हणतायत, जिना सुरू करा. आत्ता मी जिन्याकडे बोट दाखवतो. लिफ्ट आली की न उतरायला कारण काय सांगू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणून नको लिहिलंस?"

पेपर खाली आला. "गुप्त मतदान म्हणाला होतास ना?"

शाई... अक्षर... मी काहीतरी पुटपुटलो.

"या आता तुम्ही, अध्यक्ष."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला अहो म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१७

फोन तीनदा केला. उचलत नाही. सुधाला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्याची भीती त्यानं चिठ्ठीत लपवली होती. ती तुम्ही उघडून त्याच्याच हातात दिलीत." खरं आहे. कास्टिंग व्होट कसलं देतोय मी, लायकी तरी आहे का?

१८, शनि.

दाराखालून कागद. शाईचं पेन.

'अध्यक्षांस, चिठ्ठ्या रद्द करा. उद्या हात वर करून मत घ्या. मी खाली येतो. न्यायला कुणी येऊ नये.'

निरंजन खुर्चीतून आणू म्हणाला. अण्णाने दारातूनच परत पाठवला.

हिशेब मांडून पाहिला. 'नको'ला हात वर केला तर पुन्हा सहा-सहा, पुन्हा मी. 'हवी'ला केला तर सात-पाच, मी सुटलो, रत्नाताईंचा उजेड गेला. आणि पोचलाच नाही तर सहा-पाच. लिफ्ट मंजूर, कारण त्याला जिना उतरता आला नाही.

मात्र आता मला मताची भीती वाटत नाही. जिन्याची वाटते. कुठलाही हात वर कर बाबा, पण खाली पोच.

१९, रविवार, ९.४०

त्याचं दार वाजलं. काठी. एक पायरी. बऱ्याच वेळाने दुसरी.

मी आमच्या दाराशी स्टूल टाकून बसलोय. सुधा म्हणते, उघडू नका, तुम्हाला बघितलं तर तिथंच बसेल.

नऊ झाल्या. मधला टप्पा. तिथं फार वेळ थांबला. दहावी.

खाली खुर्च्या मांडल्याचा आवाज येतोय. निरंजनचा फोन, "काका, सगळे आलेत." थांब म्हटलं.

९.५५. आमच्या दाराबाहेर आहे. धाप ऐकू येते. मध्ये फक्त ही फळी. कडीवर हात ठेवलाय, काढत नाही.

काठी पुन्हा वाजली. खाली की वर, कळत नाही.