मटारचा कोट

बॉबलिंगेन, जर्मनी, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्रीनाथ,

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. कुहूचा खोकला गेला, हायत्सुंग दुरुस्त झालं, घर पुन्हा गरम आहे. रागाने आज तुला अहो-जाहो करणार होते, पण ती सवयच नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

तुझा तो खलाशी कोट मिळाला. कीलच्या गोदीत सहा महिन्यांचं काम म्हणून गेलेला माणूस दिवाळीलाही घरी येत नाही आणि अस्तर फाटलं म्हणून कोट तेवढा पाठवतो, याला काय म्हणावं! तिथे शिंपी नाहीत? तूच लिहिलंस, तिकडे या कोटाला एका शिंप्याच्याच आडनावाने ‘कोलानी’ म्हणतात.

मी तुझ्या आईंना फोनवर गमतीने सांगितलं, की इंग्रजीत याला ‘पी कोट’ म्हणतात, म्हणजे मटारचा कोट. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, “हिरवा आहे का गं?” ते कळल्यावर तुझा केवढा खुलासा! डच भाषेत ‘पै’ म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड, त्याचं इंग्रजीत ‘पी’ झालं, मटारशी काही संबंध नाही. कॉलर कानांपर्यंत वर करायची. बटणांच्या रांगा दोन, म्हणजे वारा बघून खलाशाने डावी बाजू वर घ्यायची की उजवी, ते ठरवायचं. स्वतःची सोय बघावी तर अशी. आम्हाला मात्र वाऱ्यावर सोडलंस.

त्याच कॉलवर आई आणखी एक बोलून गेल्या. “श्रीनाथ तिकडे कायम होतोय ना? बरं झालं बाई.” मी “हो” म्हटलं. मला ठाऊकच नव्हतं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मटारचं उत्तर तू पानभर दिलंस. याचं एका ओळीतही नाही. तुझ्या त्या बेतात आम्ही दोघी आहोत का, श्रीनाथ?

काल कुहूने कोट अंगात घातला. “रीश्ट नाख बाबा,” म्हणाली. बाबाचा वास येतो म्हणे. मग विचारलं, “कोम्ट एअर नोख?” येणार आहे का अजून? मी तिच्यावरच ओरडले. नंतर दोघी रडलो. मला तुझी आठवण येते, आणि येते याचाच संताप होतो.

अस्तर शिवून ठेवलंय. पोस्टाने पाठवणार नाही. वाजू दे थंडी. जे काय ठरवलंयस ते घरी येऊन, माझ्यासमोर बसून सांग. मग कोट घालून परत जा, नाहीतर इथेच खुंटीला लाव.

अजून तरी तुझीच,
लतिका