मेणाच्या बाळाचं डोकं

आये, सकाळपासून चार ओळींचं कार्ड लिहून होत नाहीये. उठते, चहा टाकते, तो निवून जातो, परत येऊन बसते. आमच्या ट्रेनिंग सेंटरात जुन्या वस्तूंचं कपाट मांडतायत. त्यात बाळंतपण शिकवायचं ते मेणाचं पोट ठेवणार आहेत, आणि त्यातल्या बाळाचं डोकं दुरुस्त कुणी केलं ते कार्डावर लिहायचंय. नव्वद सालानंतरचीच गोष्ट. मी नवी नर्स, आपल्या कळस गावच्या शाळेत सुइणींचं ट्रेनिंग, आणि सुइणींत तू पहिल्या रांगेत. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडून मी ते पोट सही करून आणलेलं. इंग्रजांच्या काळातलं. वरचं झाकण उचललं की आत मेणाचं बाळ. वऱ्हांड्यात ऊन असं, की बाळ हाताला मऊ लागत होतं.

तू ते उचलून पदरानं पुसतेस. म्हणतेस, "कुणी केलंय गं हे? बाप्याच असंल. असं लिंबावानी गोल डोकं हितनं भाईर येतंय व्हय?" बायका हसतात. मी काही बोलायच्या आत तू ते डोकं दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू दाबत नेतेस, मागं निमुळतं करतेस. मी सगळ्यांदेखत ओरडले, "मोडलंस ना? अडाणी ती अडाणीच." निम्म्या गावाला जन्माला घालणारे हात ते. तू बाळ जागेवर ठेवलंस आणि वरचं झाकण लावलंस.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच पोट परत दिलं. डॉक्टरीणबाईंनी बाळ फिरवून फिरवून बघितलं. म्हणाल्या, "वाटेतून दबत आलेलं डोकं अस्संच लांबट असतं. इतकी वर्षं हे चुकीचंच होतं. कुणी केलं?" मी म्हटलं, "मी." तुझी लाज वाटली गं मला, दुसरं काही नाही. त्यांनी चारचौघींत माझं कौतुक केलं, पुढं शिकवायला घेतलं, त्यावर माझी सगळी नोकरी झाली. घरी आले तर तू चुलीपुढं. विचारलंस, "बाई रागावल्या न्हायत न्हवं तुला?"

"न्हाय."

"मग बरं," म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

एवढं तुला लिहीपर्यंत शिपाई आला, घाईनं चार ओळी भरल्या आणि तो कार्ड घेऊन गेला. त्यावर नाव माझंच आहे. तू आज असतीस तरी तुला ते वाचता आलं नसतं, हे परत माझ्या सोयीचं पडलं.