पान दोनशे बारा

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत एक कादंबरी पाठवतोय. लगेच नाक मुरडू नकोस! बांधणीला आलेली पुस्तकं मी वाचत नाही, नाहीतर दुकान चालायचं कसं? पण हिची पानं लावताना एक ओळ वाचली आणि वाटीतली खळ सुकून गेली. लढाईच्या काळातली गोष्ट आहे, पण तोफा कमी आणि माणसं जास्त. लष्करी इस्पितळातली एक नर्स आहे, तुझ्यासारखीच खडूस. तुझ्यासाठी मुद्दाम नवी प्रत आणली, पुन्हा शिवली आणि कापडी पाठ लावली.

भाची कळवते की निवृत्त झाल्यापासून तू नुसती खिडकीत बसून असतेस. वाच ना, ताई. दोनशे बाराव्या पानावर नर्सचा भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडतो. आपला दादा जखमी होऊन तुझ्या इस्पितळात आला आणि गेला, तेव्हा तू आईला अगदी असंच लिहिलं होतंस. शेवटी कोरी पानं जास्त घातली आहेत, चुका सापडतील त्या लिही. तुला सापडल्याशिवाय राहतात होय!

गुडघ्याला जप. रागावलीस तरी लोभ तेवढा राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. १९ जून

चि. चिकटरावास,
अ. उ. आ.

पुस्तक पोचलं. शिवण सरळ आली आहे, कधी नव्हे ती. लिहिणाऱ्याने छान लिहिलंय, कबूल. सुजलेले पाय एकदा बुटातून काढले की परत आत जात नाहीत, हे त्या मेल्याला कसं कळलं कोण जाणे! पण दोनशे बारावं पान मी पेन्सिलीने खोडलंय. साफ खोटं आहे ते.

कोऱ्या पानांवर लिहवेना, म्हणून इथे लिहिते. दादा माझ्या मांडीवर गेला नाही. तो पलीकडच्या खोलीत होता. मला दोनदा बोलावणं आलं. मी एका अनोळखी सैनिकाच्या पायातली फुटलेली शीर अंगठ्याने दाबून उभी होते. डॉक्टर मोकळे होण्याआधी हात काढला असता तर तो तिथेच संपला असता. तो वाचला. मी जाऊन पाहिलं तेव्हा दादाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

आईला खरं लिहायला बसले आणि भलतंच लिहून गेले. शेवटपर्यंत ती माझ्या त्या पत्रावर जगली. तिला फसवलं, हे मनातून जात नाही रे. आता तू मला काय समजायचं ते समज.

आशीर्वाद आहेतच. तुझा लोभ उरला असेल तर कळव.

ताई

ता. २४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वेडी आहेस का गं? म्हणे लोभ उरला असेल तर!

आता माझी लबाडी ऐक. दादा गेला तेव्हा तू आईला लिहिलेल्या पत्रानंतर आठ दिवसांनी तुमच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र आलं होतं. बिचाऱ्यांना तुझं कौतुक करायचं होतं. तू कुठे उभी होतीस, कुणाची शीर दाबून, सगळं त्यात होतं. आईला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. तुला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. ती गेल्यावरही, तू स्वतः खरं सांगेपर्यंत, शपथ मोडवेना. पण कादंबरी पाठवू नकोस असं काही ती म्हणाली नव्हती!

दोन्ही पत्रं तिने एकाच घडीत जपली होती. सोबत पाठवतोय. वाचून झाली की पुस्तकासकट परत धाड, तुझ्या या पत्रासह दोनशे बाराव्या पानामागे शिवून देतो.

डॉक्टरांचं पत्र ऐकून आईने ते माझ्या हातून घेतलं आणि तुझ्या पत्राच्या घडीत ठेवलं. मग डोळे पुसून एवढंच म्हणाली, की माझ्या पोरीने कुणाच्या तरी आईचं लेकरू राखलं, आणि वर माझ्यासाठी एवढं मोठं पत्र लिहीत बसली, किती दमली असेल गं बाई.

लवकर ये. लोभाचं विचारायचं नाही.

तुझा,
चिकटराव